खुलासा : ‘काइंड ऑफ ब्लू’चा सूर नव्या रेकॉर्डमध्ये बिघडवलेला नाही

रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमच्या नव्या आवृत्त्यांमध्ये पहिल्या बाजूचा सूर उतरवलाय, अस्सल सूर फक्त जुन्या रेकॉर्डवर आहे, नव्या घेऊ नका.

फरक ऐकू येतो हे खरं, पण कारण नेमकं उलटं आहे. 2 मार्च 1959 ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत पहिल्या बाजूचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा मुख्य टेपमशीन किंचित हळू चालत होतं. ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की संगीत थोडं जलद आणि चढं ऐकू येतं. जुन्या रेकॉर्डवर तेच उतरलं. त्याच वेळी दुसऱ्या मशीनवर राखीव टेप चालू होती, तिचा वेग बरोबर होता. 1992 साली तिच्यावरून दुरुस्त आवृत्ती निघाली. दुसऱ्या बाजूला हा प्रश्नच नाही, तिचं ध्वनिमुद्रण 22 एप्रिलचं.

घरी पेटी असेल तर स्वतः पडताळा. पहिल्या बाजूची पहिली रचना ‘सो व्हॉट’ लावा आणि पांढरी दोन दाबून धरा. दुरुस्त प्रतीत बेसचा सूर तिच्याशी जुळतो. जुन्या प्रतीत तो वर सरकतो, काळी दोनच्या दिशेने. मी दोन्ही प्रती अशाच लावून पाहिल्या.

जुनी प्रत जपण्याजोगीच आहे, माझीही मी देणार नाही. पण त्या मेसेजमुळे कुणी चांगली नवी प्रत नाकारू नये. तो कृपया पुढे पाठवू नका, आणि आधी पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.