'ऐकणे'च्या चिनी अक्षरात राजा नाही

प्रशिक्षणाच्या स्लाइडवर आणि व्हॉट्सॲपवर एक चित्र नेहमी फिरतं. 'ऐकणे' या अर्थाचं पारंपरिक चिनी अक्षर (聽) मोठं काढलेलं, त्याच्या तुकड्यांना बाण: कान, राजा, दहा, डोळे, एक, हृदय. खाली तात्पर्य: समोरच्याला राजा मानून, दहा डोळ्यांनी, एकचित्ताने ऐका, असं प्राचीन चिनी ऋषी सांगून गेलेत. सल्ला चांगलाच आहे. पण तो या अक्षरात कुणी ठेवलेला नाही. वहीच्या चौकटीत 22 रेघांचं हे अक्षर शेकडो वेळा गिरवल्यावर मला ते चित्र पाहून गप्प बसवत नाही.

आधी राजा. डावीकडे वर कान आहे, तो खराच कान. त्याखालची आकृती छापील अक्षरात राजा या अर्थाच्या 'वांग' अक्षरासारखी दिसते. पण नीट हाताने लिहा: तिची सगळ्यात वरची रेघ डावीकडे तिरकी उतरते, राजाची रेघ मात्र सरळ आडवी. ही वेगळीच खूण आहे. तिचा उच्चार 'थिंग', आणि अख्ख्या अक्षराचा उच्चारही 'थिंग'. म्हणजे ती वाचणाऱ्याला उच्चार सांगायला बसवली आहे. इ.स. 100 च्या सुमारास शू शनने सिद्ध केलेल्या 'श्वोवन च्येत्स' या कोशातही ती उच्चाराची खूण म्हणूनच नोंदली आहे. अंगण, दरबार, ताठ या अर्थांच्या अक्षरांतही हीच खूण सापडते आणि सुरांचा, म्हणजे आवाजाच्या चढउताराचा, फरक सोडला तर तीही सगळी 'थिंग'च. 80 टक्क्यांहून अधिक चिनी अक्षरं अशीच घडलेली आहेत, एक भाग अर्थाचा आणि एक उच्चाराचा. चित्र काढणाऱ्याने उच्चाराचाच भाग राज्यावर बसवला.

'दहा डोळे' आणि 'एक' यांचीही तीच गत. उजव्या बाजूचा वरचा भाग म्हणजे 'सरळ' या अर्थाचं जुनं अक्षर: एक डोळा आणि त्याच्यावर उभी रेघ, समोर रोखलेली नजर. पुढे त्या रेघेवर ठिपका आला, ठिपक्याची आडवी रेघ झाली आणि अधिकच्या चिन्हासारखा चिनी 'दहा' तयार झाल्याचा भास होऊ लागला. डोळ्याखालचा 'एक' हा त्याच अक्षरातल्या एका कोनाचा उरलेला अवशेष. हृदय मात्र खरं आहे, ते मान्य. पण हीच अख्खी उजवी बाजू 'सद्गुण' या अर्थाच्या 'द' अक्षरातही आहे, आणि जर्मनीच्या 'दग्वो' या चिनी नावात तोच 'द' पहिला येतो. तिथे दहा डोळ्यांनी कोण काय ऐकतंय? जपानीतही हे अक्षर लिहितात; तिथल्या रूपात तर 'राजा' आणि 'एक' दोन्ही नाहीत.

चित्रासोबत एक हळहळही येते: 1956 मध्ये अक्षरं सोपी करताना चीन सरकारने कान आणि हृदय काढून तोंड बसवलं. चीनमधल्या आजच्या सात रेघांच्या रूपात (听) तोंड आहे, हे खरं. पण ते रूप सरकारने घडवलेलं नाही. ते मुळात हसण्याच्या अर्थाचं वेगळं अक्षर होतं. लोक मिंग घराण्याच्या काळातही (चौदावं ते सतरावं शतक) सोय म्हणून ते ऐकण्यासाठी वापरत. शिवाय तोंड इथे उपरं नाही. तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या, हाडांवर कोरलेल्या रूपात 'ऐकणे' म्हणजे कान आणि त्याच्याशेजारी तोंड. कुणीतरी बोलतंय, कुणीतरी ऐकतंय. मला तरी सगळ्यात सुंदर रूप हेच वाटतं.

आणि हा शब्द रोज कसा वापरतात तेही पाहा. 'थिंगश्वो' म्हणजे 'ऐकिवात आहे'. 'दाथिंग' म्हणजे चौकशी करणे. 'इ थिंग' कोला म्हणजे कोलाचा एक डबा, कारण इंग्रजी 'टिन'च्या उच्चारासाठीही हेच अक्षर उसनं घेतलं गेलं. 1861 पासून चीनची राजमाता त्सशी पडद्यामागे बसून कारभार 'ऐकत' असे, म्हणजे राज्य चालवत असे. आणि घराघरात ऐकू येणारा 'थिंगह्वा', शब्दशः 'बोलणं ऐकणे', याचा अर्थ सांगितलेलं मानणे. पोरगं हट्टाला पेटलं की चिनी आई म्हणते, 'पू थिंगह्वा'. आपल्याकडे त्याच वेळी आई म्हणते, "अजिबात ऐकत नाही हा!"