लांडगा जेवत असेल एकदाच, आमची खारी नाही

गेल्या पंधरा दिवसांत तोच एक फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आलाय, सोसायटीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या, माहेरच्या, आणि एकदा तर ऑफिसच्या डब्याच्या ग्रुपवर, आणि सगळीकडे खाली हात जोडलेले आणि "खूप उपयुक्त माहिती". ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. छोट्या कुत्र्याला दिवसातून एकदाच खायला द्या, कारण तो मूळचा लांडगा. ही सवय पिल्लू घरी आल्या दिवसापासून लावा. आठवड्यातून एक दिवस कडक उपवास. सकाळी पिवळी उलटी झाली तर घाबरू नका, पोट साफ होतंय. प्रमाण एक वाटी, बास. आणि शेवटी ते नेहमीचं, परदेशात संशोधनाने सिद्ध झालंय की एकदाच जेवणारी कुत्री जास्त जगतात.

मी डॉक्टर नाही. मुंबईत काळाचौकीला राहते, घरी आई, नवरा, मुलगा आणि खारी, म्हणजे आमची कुत्री, रंग अगदी बेकरीतल्या खारीसारखा म्हणून. आता यातला एकेक मुद्दा घेते, पण फॉरवर्डच्या क्रमाने नाही, कारण त्यातला सगळ्यात वाईट मुद्दा त्यांनी मधे लपवलाय.

"पिल्लालाही पहिल्या दिवसापासून एकदाच द्या."

हे वाचून कोणी खरंच केलं तर पिल्लू जाऊ शकतं, अतिशयोक्ती नाही करत. आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर पॉमचं पिल्लू आणलं, अडीच महिन्यांचं, धड एक किलोचंही नव्हतं. घरच्यांनी हा फॉरवर्ड मनावर घेतला, रात्री नऊला खायला दिलं आणि मग दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत काही नाही असं ठरवलं. दुपारी तीनच्या सुमाराला काकू धावत वर आल्या, पिल्लू उभं राहिलं की मागचे पाय दुमडतात, थरथरतंय, डोळे कुठेतरी भलतीकडे. डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले आधी हिरड्यांना मध चोळा, तोंडात ओतू नका, गिळता आलं नाही तर फुप्फुसात जाईल, आणि तसेच निघा. साखर उतरली होती. वाचलं ते.

का होतं हे? एवढ्याशा पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठाच जेमतेम असतो, अंगावर चरबी नाही, स्नायू नाहीत, आणि शरीर छोटं असल्यामुळे उष्णता भराभर जाते. मोठ्या लॅब्राडोरचं एक जेवण चुकलं तर तो तोंड पाडून बसेल, पण किलोभराच्या पिल्लासाठी ती इमर्जन्सी आहे. म्हणून तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, मग सहा महिन्यांपर्यंत तीनदा, आणि त्यानंतर हळूहळू दोनदा, असं साधारण सगळेच डॉक्टर सांगतात. अगदी दीड-दोन किलोची जी टॉय जातीची कुत्री असतात त्यांना मोठेपणीही तीनदा दिलं तर काही बिघडत नाही.

"कुत्रा म्हणजे लांडगाच."

लांडगा तीस-चाळीस किलोचा असतो, शिकार मिळाली तर एका बैठकीत आठ-नऊ किलो मांस खाऊ शकतो आणि मग पुढचे काही दिवस कोरडे. तुमचा शित्झू काय शिकार करतो? सोफ्याखालचा मोजा. शिवाय कुत्रा आता लांडगा राहिलेलाच नाही, हे त्याच्या जनुकांत दिसतं. २०१३ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, पिष्टमय पदार्थ पचवायला जे अमायलेज नावाचं पाचक द्रव्य लागतं त्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात आणि कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत सापडल्या. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर राहून झालेला बदल आहे तो. आणि एक साधी गोष्ट, जनावर जितकं छोटं तितकी त्याला दर किलोमागे ऊर्जा जास्त लागते. दोन किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही किलोमागे साठेक कॅलरी लागतात, तीस किलोच्या कुत्र्याला तीस. दुप्पट. पोट मात्र एवढंसं. लहान भांडं आणि मोठी भूक असेल तर माणूस काय करेल, दोनदा भरेल ना?

"आठवड्यातून एक उपवास."

आमच्या आईला हा मुद्दा फार आवडला, ती म्हणाली गुरुवारी माझ्याबरोबर करेल. म्हटलं तुझ्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी असते, एकादशी दुप्पट खाशी, तिला बिचारीला नुसतं पाणी. निरोगी मोठ्या कुत्र्याला एखाद दिवस कमी खाल्ल्याने काही होत नाही हे खरं, आजारात किंवा ऑपरेशनआधी डॉक्टर स्वतःच उपाशी ठेवायला सांगतात, पण ते कारण बघून आणि किती तास ते सांगून. दर आठवड्याला "डिटॉक्स" वगैरे काही नसतं, ते काम यकृत आणि किडनी रोज करतातच.

"पिवळी उलटी म्हणजे पोट साफ."

उलट आहे. रात्रभर पोट रिकामं राहिलं की पित्त वर जठरात येतं, तिथे चुरचुरतं आणि सकाळी पिवळा फेस बाहेर. खारीला हे व्हायचं, आम्ही संध्याकाळी साडेसहाला जेवण देऊन मोकळे व्हायचो ना. डॉक्टरांनी औषध दिलंच नाही, तेवढ्याच खाण्यातले पंधरा ग्रॅम रात्री साडेदहाला द्या म्हणाले, आणि बंद झालं. म्हणजे ज्या लक्षणावर जास्त वेळा खाणं हा उपाय आहे, तेच लक्षण फॉरवर्डवाला एकदाच जेवणाऱ्यांना "चांगलं आहे" म्हणून सांगतोय, कमाल आहे. अर्थात परत परत होत असेल, रक्त दिसलं, पोट दुखल्यासारखं अंग आखडून बसत असेल तर घरी प्रयोग नकोत.

आता ते संशोधन. असा अभ्यास आहे, मी नाही म्हणत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या डॉग एजिंग प्रोजेक्टचा पेपर आला, हजारो कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावली भरून दिली, आणि त्यात दिवसातून एकदा खाणाऱ्या कुत्र्यांत दात, पोट, किडनी, सांधे यांच्या तक्रारी कमी दिसल्या. पण त्यात कोण किती वर्षं जगलं हे मोजलेलंच नाही, "जास्त जगतात" हे कोणीतरी वरून चिकटवलंय. शिवाय आधी काय आणि नंतर काय हे अशा प्रश्नावलीतून कळत नाही. डायबेटिस झालेल्या कुत्र्याला इन्सुलिनबरोबर दोनदा द्यावंच लागतं, पोट नाजूक असेल त्याला थोडं थोडं, मग आजारी आहे म्हणून जास्त वेळा खातो की जास्त वेळा खातो म्हणून आजारी? एवढ्यावरून कुत्र्याच्या जेवणाच्या वेळा बदलू नका असं तो पेपर लिहिणाऱ्यांचंही म्हणणं आहे. एवढी ओळ फॉरवर्ड करताना गळाली.

आयुष्य खरोखर मोजलेला अभ्यास दुसराच आहे. ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खायला, आणि हे आयुष्यभर. २००२ मध्ये निष्कर्ष छापून आला. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मी त्याआधी गेली, निम्मी त्यानंतर) तेरा वर्षं होतं, दुसऱ्यांचं सव्वाअकराच्या आसपास, सांध्यांचा त्रासही त्यांना उशिरा सुरू झाला. लॅब्राडोर काही छोटं कुत्रं नाही, पण मुद्दा कळतो, फरक पडला तो किती खाल्लं त्याने. किती वेळा हा प्रश्नच तिथे नव्हता.

आणि म्हणून मला त्या फॉरवर्डमधल्या "एक वाटी"चा सगळ्यात जास्त राग आहे.

कुठली वाटी? आमच्या घरात आमटीची वाटी, आईची पूजेच्या प्रसादाची वाटी, आणि मुलगा वापरतो तो मॅगीचा बाऊल, तिघंही त्याला वाटीच म्हणतात. एक दिवस मी किचनचा वजनकाटा काढला आणि तिन्हीत दाणे भरून मोजले (दाणे म्हणजे ड्राय फूड, आमच्याकडे सगळ्याच दाण्यांना पेडिग्री म्हणतात, जसं सगळ्या कॉपीला झेरॉक्स). ४५ ग्रॅम, ७० ग्रॅम, ११० ग्रॅम. आणि भरणारा हात कोणाचा त्यावर अजून दहा-पंधरा ग्रॅम इकडेतिकडे, आईचा हात तर कायम शिगोशीग. पाच किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत एवढा फरक म्हणजे तुम्हाला कोणीतरी दोन पोळ्यांऐवजी पाच वाढल्या.

हिशोब फोनवर होतो. कुत्र्याचं जे वजन असायला हवं ते घ्या, आज आहे ते नाही. खारीचं पाच किलो धरू. ते तीनदा मांडून गुणा, म्हणजे पाच गुणिले पाच गुणिले पाच, १२५. त्याचं वर्गमूळ, परत त्याचं वर्गमूळ, ३.३४ येतं. गुणिले ७०. झाल्या २३४ कॅलरी, ही पडून राहायची गरज. नसबंदी झालेल्या, नीट फिरणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी त्याला १.६ ने गुणतात, फ्लॅटमध्ये लोळणाऱ्याला १.२ ते १.४. खारीसाठी डॉक्टरांनी १.२ धरलं, म्हणजे २८० कॅलरी. आमच्या पाकिटावर शंभर ग्रॅमला ३७० लिहिलंय, तर दिवसाचे ७५ ग्रॅम. दिवसाचे हां, एका वेळचे नाही! पाकिटावरच्या तक्त्यात दिवसाचं प्रमाण असतं आणि लोक तेवढं सकाळीही घालतात आणि रात्रीही. तो तक्ता जातीच्या नावाने वाचू नका, वजनाने वाचा, कारण आपल्याकडे ज्याला सर्रास पॉम म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, पाच-सात किलोचा, खरा पॉमेरेनियन तीन किलोच्या आसपासच थांबतो.

बरं, ७५ ग्रॅम ठरले तरी खारी सव्वासहा किलोवरून हलेना. मग मी एक रविवार नुसतं बघत बसले. सकाळी आईच्या चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटं, खाली वॉचमनकाकांकडून अजून दोन, झाल्या ऐंशी-नव्वद कॅलरी. दुपारी अर्धी पोळी, पन्नास. दाण्यांवर "नुसतं कोरडं कसं खाईल" म्हणून चमचाभर तूप, पंचेचाळीस. मुलाचा चीज क्यूब, पंचाहत्तर. म्हणजे तिला लागतं २८० आणि वरून अडीचशे, आणि आम्ही वाद कशावर घालतोय, तर एकदा द्यायचं की दोनदा. खाऊ म्हणून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असं सांगतात, खारीसाठी ते होतात २८. एक बिस्किट आणि वर चिमूटभर चुरा, खेळ खलास.

आमची चाळ होती तेव्हा खालची कुत्री दिवसभर हुंदडायची, कोणाकोणाकडचं खायची आणि फासळ्या दिसायच्या. आता टॉवर झाला, आम्ही चौदाव्या मजल्यावर, जुलैत चार-चार दिवस पाऊस थांबत नाही आणि खारी लिफ्टपर्यंत जाऊन परत येते. त्या दिवसांत पाच-सात ग्रॅम मी स्वतःच कमी करते. छोट्या कुत्र्यांना एरवीच गुडघ्याची वाटी सरकणं, श्वासनळी दबून खोकला येणं हे त्रास असतात, त्यात एक किलो जास्त म्हणजे त्यांच्या अंगावर वीस टक्के.

काटा नसेल तर हात आहे. मूठ वळा आणि मुठीवरच्या उंचवट्यांवरून बोट फिरवा, कुत्र्याच्या फासळ्या तशा लागल्या तर ते बारीक आहे. हात सपाट करून पंजाच्या मागच्या बाजूवरून फिरवा, तशा लागल्या तर झकास. तळहाताला अंगठ्याखाली जी गादी असते तसं लागलं तर बिस्किटं बंद. केसाळ कुत्र्याकडे नुसतं बघून काही कळत नाही, आंघोळीला भिजवलं की खरं रूप दिसतं.

वरणभाताचं विचारणारे येतीलच म्हणून एवढंच, फोडणीतला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, मनुका-द्राक्षं किडनीला घातक, आणि नुसत्या दूधभातावर किंवा नुसत्या वरणभातावर वाढत्या पिल्लाची हाडं होत नाहीत. घरचं द्यायचंच असेल तर डॉक्टरकडून प्रमाण लिहून घ्या. १८८६ पासून परळला जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे, शेजारी बैलघोडा हॉस्पिटल आहे, आणि आपण विचारणार कोणाला तर "जसं आलं तसं पुढे पाठवलं"वाल्याला.

एक मान्य करते, दिवसभर भरलेली ताटली खाली ठेवू नका असंही त्या फॉरवर्डमध्ये होतं आणि ते बरोबर आहे. आमच्या हवेत दाणे संध्याकाळपर्यंत सादळतात, मुंग्या लागतात, आणि कोणी किती खाल्लं याचा पत्ता लागत नाही.

आम्ही आता सकाळीच ७५ ग्रॅम मोजून एका स्टीलच्या डब्यात काढतो, ज्याला जे द्यायचं ते त्यातूनच, सकाळी तीस, संध्याकाळी तीस, रात्रीचे पंधरा त्यातलेच, लाड करायचे तरी त्यातलेच चार दाणे. वॉचमनकाकांनाही एक पुडी दिलीय, खारीला काही फरक कळत नाही, तिला हातातून मिळाल्याशी मतलब. पाच महिन्यांत पाच किलो तीनशेवर आलीय. काल रात्री डबा रिकामा झाला होता आणि स्वयंपाकघरातून कुरकुर आवाज आला, बघते तर आई ओट्याला टेकून उभी, हातात बिस्किट, पायाशी खारी. मला बघून म्हणाली, मी माझ्यासाठी घेतलंय.