‘स्टँड अप’मधलं ‘अप’ फालतू नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा इंग्रजी सुधारण्याचा एक संदेश म्हणतो: ‘स्टँड’ म्हणजेच उभं राहणं, त्यामुळे ‘स्टँड अप’ ही ‘रिटर्न बॅक’सारखीच चूक. लिहिताना ‘अप’ गाळा, आणि ठेवायचंच असेल तर मध्ये जोडरेषा द्या.

आधी ‘रिटर्न बॅक’. ‘रिटर्न’च्या पोटात परत येणं आहेच, म्हणून तिथे ‘बॅक’ जादा. ‘स्टँड’च्या पोटात ‘उठणं’ असेलच असं नाही. घोळ होतो तो मराठीमुळे, कारण आपलं ‘उभा राहिला’ दोन्ही कामं करतं. ‘तो दारात तासभर उभा राहिला’ ही स्थिती: ‘ही स्टूड ॲट द डोअर फॉर ॲन अवर’. ‘नाव पुकारताच तो उभा राहिला’ ही हालचाल: ‘ही स्टूड अप’. दुसऱ्यातलं ‘अप’ काढलं तर तो आधी बसला होता, हे वाचणाऱ्याने अंदाजाने ठरवायचं.

‘प्लीज स्टँड फॉर द नॅशनल अँथम’ बरोबर आहे, हे खरं. प्रसंगावरूनच उठायचं हे कळतं. पण त्यावरून ‘अप’ सगळीकडेच नको, असा नियम निघत नाही. उलटा नियमही टिकत नाही: ‘शी एट लंच स्टँडिंग अप’, म्हणजे ती उभ्या-उभ्या जेवली. इथे हालचाल नाही, तरी ‘अप’ अगदी सहज येतं.

उभे असलेल्यांना ‘उभेच राहा’ सांगायचं तर ‘प्लीज रिमेन स्टँडिंग’ लिहावं. ‘कीप स्टँडिंग अप’ लिहिलंत तर बहुधा ‘सारखे उठत राहा’ असा अर्थ निघेल, उठाबशा काढल्यासारखा.

‘अप’ गाळण्याचा खरा फटका पुढे बसतो. ‘शी स्टूड अप फॉर हर सिस्टर’ म्हणजे बहिणीची बाजू घेतली. ‘अप’ काढा, आणि ती बहिणीच्या जागी निवडणुकीला उभी राहिली की काय, असं वाटेल. ‘स्टँड अप टू’ म्हणजे दबावापुढे न झुकणं. त्यातलं ‘अप’ काढलं तर वाक्यच कोसळतं. ‘ही स्टूड मी अप’ तर वेगळंच: भेटायची वेळ देऊन आलाच नाही.

राहिली जोडरेषा. कसोटी सोपी आहे: शब्दाचा भूतकाळ करून पाहा. ‘स्टूड अप’ होत असेल तर ते क्रियापद, दोन सुटे शब्द, जोडरेषा नाही. ‘स्टँड-अप कॉमेडियन’चं ‘स्टूड-अप कॉमेडियन’ होत नाही; ते विशेषण, तिथे जोडरेषा हवी. ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘वुई विल स्टँड-अप ॲट टेन’ चूक, ‘वुई हॅव अ स्टँड-अप ॲट टेन’ बरोबर. सॉफ्टवेअरवाले या रोजच्या छोट्या बैठकीचं नाव सर्रास जोडरेषेशिवाय, एकच शब्द करूनही लिहितात. तेही चालतं, फक्त एकाच ईमेलमध्ये दोन्ही रूपं नकोत.