पंखा फिरला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही

काल संध्याकाळी ६,८०० रुपये मोजून नवा मदरबोर्ड बसवून घेतला आणि रात्री पावणेअकराला, दिवाळी अंकाच्या १९२ पानांची पीडीएफ निम्मी झालेली असताना, संगणक पुन्हा बंद पडला. गेले आठ दिवस तो ज्या टप्प्यावर बंद पडत होता, नेमक्या त्याच टप्प्यावर. पडदा काळा, पंखे गप्प, आणि दोन सेकंदांनी आपोआप पुन्हा सुरू. ज्या दोषासाठी पैसे दिले तो जागच्या जागी होता. माझा धडधाकट बोर्ड मात्र हातचा गेला होता.

ती तपासणी मी स्वतः समोर उभी राहून पाहिली आहे, म्हणूनच संताप आवरत नाही. लॅमिंग्टन रोडच्या त्या गाळ्यात दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट उघडले, २४ पिनांचा कनेक्टर उपसला, तारेचा तुकडा वाकवून हिरव्या आणि काळ्या वायरीच्या पिनांत खुपसला, एसएमपीएसचा, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाचा, पंखा गरगरला आणि दहा सेकंदांत निकाल लागला, "एसएमपीएस ओके आहे मॅडम, बोर्ड गेलाय." हिरवी वायर काळीला जोडणे म्हणजे एसएमपीएसला फक्त ‘चालू हो’ असे सांगणे. तो चालू झाला, यावरून तो पुरता मेलेला नाही एवढेच कळते. पंख्याला लागतात दोन-तीन वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकदम शंभर-दोनशे वॅट मागू लागले की व्होल्टेज टिकते का, हे त्या पंख्याकडे पाहून कोणालाही सांगता येणार नाही. भरलेला टेम्पो घाटात दम सोडतो अशी तक्रार असताना रिकामा टेम्पो गल्लीतून फिरवून आणावा आणि इंजिन उत्तम असल्याचे सांगून चाके बदलून द्यावीत, असा हा प्रकार आहे.

आणि मी त्याला सांगितले होते. दिवसभर मजकूर टाइप केला तर काही होत नाही, पाने लावताना काही होत नाही, मोठी पीडीएफ काढायला घेतली की मिनिटभरात बंद पडतो, हे मी दोनदा सांगितले. या कामाची जरा जरी जाण असलेल्या माणसाला संशय कुठे घ्यायचा हे एवढ्यावरून कळायला हवे होते, कारण भार वाढला की पडणारे यंत्र सर्वांत आधी वीजपुरवठ्याकडे बोट दाखवते. तो तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाला माउस दाखवत होता. नंतर त्याने विंडोजच्या नोंदींमधला ४१ क्रमांक दाखवून "विंडोजपण करप्ट झालंय, फॉरमॅट करून देतो" असेही म्हटले. ती नोंद एवढेच सांगते की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. का, ते ती सांगत नाही. तेच शोधायला मी तिथे गेले होते.

आज सकाळी शेजारच्या इलेक्ट्रिशियनकाकांकडून मल्टिमीटर आणला. आत लोंबणाऱ्या एका मोकळ्या कनेक्टरच्या पिवळ्या (म्हणजे बारा व्होल्टच्या) आणि काळ्या वायरीला टोके लावली. नुसता चालू असताना ११.९ व्होल्ट. पीडीएफ सुरू केली आणि आकडा डोळ्यांदेखत उतरू लागला, ११.५, ११.२, १०.८, आणि पडदा काळा. बारा व्होल्टच्या लाइनला पाच टक्क्यांची मुभा असते, म्हणजे ११.४० ते १२.६०, त्याखाली गेले की एसएमपीएस नापास. पाच मिनिटे लागली, आणि मी डीटीपी करणारी बाई आहे, हार्डवेअरची तज्ज्ञ नव्हे.

मीटरवर सगळेच दिसत नाही, हे मला मान्य आहे. बारा व्होल्टवरची थरथर १२० मिलिव्होल्टच्या आत आहे की नाही हे पाहायला ऑसिलोस्कोप लागतो आणि तो त्या गाळ्यात असावा असा माझा हट्ट नाही. पण त्याच्या मागच्या फळीवर नव्या एसएमपीएसची चळत होती. त्यातला एक अर्धा तास जोडून माझीच फाइल चालवली असती तर बोर्डाचा प्रश्नच उरला नसता. त्याने तसे केले नाही, कारण एसएमपीएसपेक्षा बोर्ड महाग असतो. दुसरे कारण मला तरी सुचत नाही.

हे पहिल्यांदा घडलेले नाही. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एकाने याच लक्षणावर माझा संगणक तीन वेळा फॉरमॅट केला, दर वेळी व्हिजिट चार्ज घेतला, आणि बोर्डावरचे चार कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) वरून टम्म फुगलेले होते, ते शेवटी मीच टॉर्च लावून पाहिले. आज ज्याने दगा दिला तो एसएमपीएस त्याच माणसाने बसवला होता. वर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट आणि बाजूच्या तक्त्यात बारा व्होल्टसमोर १५ अँपिअर, म्हणजे १८० वॅट. आजच्या संगणकाचा जवळजवळ सगळा भार त्या एका लाइनवर असतो. मग उरलेले ३२० वॅट कोणासाठी छापले होते?

गिरगावातल्या आमच्या जुन्या इमारतीत प्लगच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती आणि कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या. तेव्हा घरी आलेल्या तंत्रज्ञाने सल्ला दिला, "चप्पल घालून बसत जा." एसएमपीएसमधल्या फिल्टरचे छोटे कपॅसिटर दोन्ही तारांपासून पेटीला जोडलेले असतात, अर्थिंग नसेल तर पेटी २३०च्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर राहते. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागते. त्यावर उपाय अर्थिंगची वायर ओढणे हा आहे. माझे सासरे तेव्हा त्याच टेबलाशी अनवाणी बसून पत्रे लिहीत, हे आठवले की आजही हात थरथरतात.

दुपारी दुसऱ्या दुकानातून बारा व्होल्टवर ३७ अँपिअर देणारा एसएमपीएस आणला. सगळी १९२ पाने एका दमात निघाली आणि मीटर ११.९च्या खाली उतरला नाही. छापखान्यातली आमची पाळी मात्र सकाळीच दुसऱ्या अंकाला गेली होती. आता चार दिवसांनी.

मग थेट त्या गाळ्यात गेले आणि माझा जुना बोर्ड परत मागितला. "तो तर भंगारात गेला मॅडम," तो म्हणाला. एका रात्रीत. उद्या दुकान उघडायच्या वेळेला मी बिल, मीटर आणि जुना एसएमपीएस घेऊन पुन्हा जाणार आहे, आणि एकतर माझा बोर्ड तरी घेईन, नाहीतर ६,८०० रुपये तरी.