भोकाचं कारण

आमच्या भाच्याला प्रत्येक वस्तूमागचं कारण कळू लागलं, तेव्हापासून घरातली एकही वस्तू निमूटपणे वापरायची सोय उरलेली नाही. पुण्याला इंजिनियरिंग शिकतो. मे महिन्यात गुहागरला येऊन आंबे खातो, गणपतीत मोदक खातो आणि मधल्या वेळात माझं डोकं.

पडवीतल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर टेकलो की सुरू. "मामा, ह्याच्या मधोमध भोक का असतं?"

"वारा लागायला."

"छे! स्टुलं एकात एक रचली की ओढताना मध्ये हवा शिरत नाही आणि ती सुटता सुटत नाहीत. म्हणून भोक."

आमच्याकडे स्टूल एकच आहे. ते कशात रचू, हे मी विचारलं नाही.

पेनाच्या टोपणाला भोक का, तर पोराने टोपण गिळलंच तर श्वास चालू राहावा म्हणून. बिक कंपनी १९९१ पासून ते पाडते म्हणे. आमच्या पिढीने अख्खी शाळा टोपणं चावत काढली, तेव्हा आमच्या श्वासाची कोणाला पडली नव्हती. जीन्सच्या खिशातला तो चिमुकला खिसा घड्याळासाठी, साखळीचं घड्याळ ठेवायला, लेव्ही स्ट्रॉसच्या १८७०च्या दशकातल्या विजारींपासूनचा. मी त्यात सुपारीचं खांड ठेवतो. उत्तम राहतं.

गाडीतल्या पेट्रोलच्या काट्याशेजारचा बाण मात्र मला मनापासून आवडला. टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते तो दाखवतो. फोर्डमधले जिम मॉयलन १९८६ साली कंपनीची गाडी घेऊन पंपावर गेले, नेमकी उलटी बाजू लावली आणि पावसात चिंब झाले. परत येऊन त्यांनी साहेबाला चिठ्ठी लिहिली आणि १९८९च्या गाड्यांपासून बाण आला. एकदा भिजलेल्या माणसाने जगाचं कल्याण केलं. आम्ही दर वर्षी चार महिने भिजतो आणि फार तर "यंदा जास्तच आहे, नाही?" एवढं म्हणतो.

पण ह्या सगळ्या विद्येचा कस लागला तो शेजारच्या कुलपावर. घर मुंबईकरांचं, किल्ली आमच्याकडे, आणि गणपतीच्या आधी दार उघडून झाडलोट करून ठेवायची हे ठरलेलं. कुलूप काही केल्या उघडेना. भाचा पुढे सरसावला. कुलपाच्या बुडाशी, किल्लीच्या भोकाशेजारी, आणखी एक बारीक भोक असतं. आत गेलेलं पावसाचं पाणी त्यातून गळून जातं, आणि कुलूप जाम झालं तर त्यातूनच तेल सोडायचं. ऐकायला झकास. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, समुद्राची खारी हवा वेगळीच, तेव्हा असं भोक हवंच.

फक्त भोक पाडणाऱ्याने कोकणी माणूस पाहिलेला नसावा. आम्ही पावसापासून राखायला म्हणून कुलपाला प्लॅस्टिकची पिशवी चढवतो आणि खालून सुतळीची गाठ मारतो. वरून कडीवाटे पाणी आत येतं आणि पिशवीतच साठतं. सुतळी सोडली तेव्हा त्या घराचं कुलूप पोहत होतं.

बरं, पिशवी बांधली पावसाच्या तोंडावर. त्याआधी उन्हाळाभर उघड्या कुलपावर कुंभारीण माशी येऊन गेली होती. किल्लीचं भोक आणि गळतीचं भोक, दोन्हींवर एकच गिलावा. भाच्याने शिवणमशीनच्या तेलाची बुधली भोकाला लावून दाबली, तेल उलटं त्याच्या शर्टावर आलं.

ही माशी ओल्या मातीच्या गोळ्या आणून घर लिंपते, त्यात लुळे केलेले कोळी नाहीतर अळ्या भरते, अंडं घालते आणि तोंड बंद करून निघून जाते. भिंत, खिडकीची चौकट, नळीचं तोंड, तिला काहीही चालतं. जगभरच्या इंजिनियरांनी विचार करून पाडलेली भोकं ती तितकाच विचार करून बुजवते. कुलूप शेवटी कापलं.

घरी आलो तर फ्रिज बंद. कोणीतरी झाडताना प्लग काढला होता आणि तो परत आत जाईना. भाच्याचा चेहरा उजळला. तीन पिनांतली वरची पिन लांब असते, म्हणजे प्लग लावताना अर्थिंग सगळ्यांत आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटतं. जाडही असते, म्हणजे चुकूनसुद्धा करंटच्या भोकात शिरत नाही. नव्या सॉकेटांत आत झडप असते, तीही हीच पिन उघडते. आमचा बोर्ड झडपेच्या आधीचा. तीन भोकांतलं सगळ्यांत ऐसपैस भोक अर्थिंगचं, आणि दुपारभर रिकामं मिळालेलं ते घर कुंभारणीने ताब्यात घेऊन लिंपायला काढलं होतं.

मी मेन स्विच बंद करून वायरमनला फोन लावणार, तेवढ्यात आई माजघरातून आली.

"हात लावायचा नाही. कुंभारणीने घर बांधलं की घरात पाळणा हलतो."

थोरल्या सूनबाई, लग्नाला जेमतेम वर्ष झालेल्या, तडक विहिरीकडे निघून गेल्या.

"आजी, ते अर्थिंगचं भोक आहे!"

"असू दे. दुसरीकडे लाव की तुझा फ्रिज. एवढी भोकं ठाऊक आहेत ना तुला?"

सध्या फ्रिज देवघराच्या बोर्डावर चालतो आणि आईची समई माजघरात आली आहे. भाचा पुण्याला परत गेला. जाताना आईच्या नकळत त्या बोर्डाचा फोटो काढून घेऊन गेला.