उतरायचं कोणी?

जानेवारीत 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. शर्यतीसाठी गुळगुळीत झालेल्या रस्त्यांचे फोटो, त्याखाली आतेभावाचा शेरा: "पाहुण्यांच्या सायकलींना डांबर, आमच्या गाड्यांना खड्डे." त्याच्या मुलीने विचारलं, मग मला कॉलेजला सायकलने जाता येईल असा ट्रॅक का नाही? झालं. "ट्रॅक आहेत की! चालवतं कोण? भेळेच्या गाड्या लागतात तिथे." शेवटी मोर्चा नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळला. "तू सांग रे तिला. तुमच्याकडे लोकांना शिस्त आहे, आपल्याकडे नाही जमायचं."

मी १४ वर्षं नेदरलँड्समध्ये, युट्रेक्टला राहतो. इथली शिस्त रोज बघतो. सायकल चालवताना फोन हातात धरायला २०१९पासून बंदी आहे, तरी शाळकरी पोरं एका हाताने मेसेज टाईप करत, तिघं-तिघं शेजारी गप्पा हाणत जातात. लाल सिग्नल तोडतात. जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकलींवरून इथे जी भांडणं चालतात, ती ऐकून सदाशिव पेठेत आल्यासारखं वाटतं.

आणि हे लोक जन्मापासून सायकलवेडे वगैरेही नव्हते. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यांवर ३,०००हून जास्त माणसं मेली, त्यांत ४००हून अधिक मुलं. 'मुलांची हत्या थांबवा' म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३च्या तेलटंचाईने गाड्यांचे लाड आणखी कमी केले, तेव्हा कुठे चाक फिरलं. खुद्द युट्रेक्टने जुना कालवा आटवून त्यातून मोटारींचा हमरस्ता काढला होता. तो उखडून पूर्ण पाणी परत यायला २०२० उजाडलं.

मग फरक कशात आहे? मला तो एका बोटभर उंचीच्या गोष्टीत दिसतो. माझ्या ऑफिसच्या वाटेवर एक गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते. सायकलची लाल डांबरी पट्टी त्या गल्लीच्या तोंडावरून सरळ, त्याच पातळीवर पुढे जाते. गल्लीतून येणाऱ्या मोटारीला छोटा चढ चढून ती ओलांडावी लागते, त्यामुळे वेग आपोआप मरतो. पोलीस नाही, शिट्टी नाही, 'सावकाश जा'ची पाटी नाही. चढायचं गाडीने. सायकल खाली उतरत नाही.

डिसेंबरात पुण्याला आलो होतो, तेव्हा त्याच पुतणीची सायकल घेऊन कोथरूडच्या आमच्या घराजवळच्या ट्रॅकवर गेलो. दोन सिग्नलांच्या मध्ये नऊ वेळा खाली उतरलो. सोसायटीचं गेट आलं, उतरा. पेट्रोल पंप, उतरा. मंगल कार्यालय, उतरा, आणि वरातीला वाट द्या. दर वेळी कठड्यावरून दाणकन खाली, की पुन्हा वर. पेव्हर ब्लॉक दातांसारखे हलत होते. दुचाक्या घुसू नयेत म्हणून लावलेल्या खांबांत माझंच हँडल अडकलं. एके ठिकाणी ट्रॅकच्या मधोमध विजेचा डीपी, वर ताजा हार घातलेला. आणि चौक आला, म्हणजे जिथे बस वळते आणि खरी भीती असते, तिथे पन्नास पावलं आधी ट्रॅकच संपला.

दुसऱ्या दिवशी ॲक्टिव्हा घेऊन बाहेर पडलो, सिग्नलला रांग दिसली आणि त्याच ट्रॅकवर गाडी चढवली. पुढच्या काठीवाल्या आजोबांनी वळून बघितलं. मी १४ वर्षांचा डचपणा गुंडाळून हॉर्न वाजवला! शिस्त पासपोर्टात नसते, एवढं मला त्या दिवशी कळलं.

महापालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला, ८२४ किलोमीटरच्या जाळ्याचा. आकडा ऐकून मीही इथे चार मित्रांना अभिमानाने सांगितला होता. पण किलोमीटर मोजले की किलोमीटरच बांधले जातात. गेटं आणि चौक मोजत नाही कुणी. ८२४ राहू द्या, कोथरूड ते डेक्कन एकच वाट अशी करा की शाळेतल्या पोरीला मधे उतरावं लागणार नाही. मग 'चालवतं कोण' हे विचारू.

आतेभावाचं एक बरोबर आहे: पेठांत ट्रॅकला जागा नाही. पण अशा गल्ल्यांत डचही ट्रॅक बांधत नाहीत. तिथे गाड्यांना ताशी ३०ची मर्यादा घालतात, रस्ता मुद्दाम अरुंद करतात. आणि सायकलवाल्याला मोटार धडकली, तर आपली काहीच चूक नव्हती हे मोटारवाल्याला सिद्ध करावं लागतं. नाहीतर निदान अर्धी भरपाई त्याच्याच माथी. ग्रुपवर हे लिहिलं तर 'अन्याय!' म्हणून गलका झाला. गंमत अशी की अपघात झाल्यावर आपल्याकडे जमणारा घोळका अगदी हाच न्याय करतो, मोठ्या गाडीवाल्याची कॉलर धरतो. डचांनी फक्त तो कायद्यात लिहिला.

राहता राहिलं 'सायकल चालवतं कोण'. आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे वॉचमनकाका वारज्याहून काळ्या सायकलवर येतात, कॅरिअरला डबा, मागे दिवा नाही. पहाटे सहाला गेटवर भेटले तेव्हा विचारलं, "काका, ट्रॅक सोडून बसच्या बाजूने का जाता?"

डबा घट्ट बांधत म्हणाले, "साहेब, दर दहा पावलांवर उतरायचं, तर सायकल घेऊन कशाला येऊ?" आणि रस्त्याला लागले.