हद्दाद म्हणजे लोहार. वादळाच्या देवाला मध्ये ओढू नका

'हद्दाद' या अरबी आडनावाबद्दलचा एक मजकूर फिरत फिरत माझ्याकडे तिसऱ्यांदा आला. सार असं: हे नाव प्राचीन सीरियातल्या 'हदद' या वादळाच्या देवावरून पडलं, हद्दाद म्हटलं की माणूस ख्रिस्तीच, सगळे हद्दाद घस्सानी राजवंशाचे (हे इस्लामपूर्व काळातले ख्रिस्ती अरब राजे), एकाच रक्ताचे, आणि अरब जगात या आडनावाइतकं प्रचलित आडनाव दुसरं नाही. चार विधानं, चारही आत्मविश्वासाने ठोकलेली.

देवापासून सुरू करू. हदद नावाचा देव होता, यात वाद नाही. अरामी लोक त्याला विजेचा आणि पावसाचा धनी मानत, मेसोपोटेमियात तोच 'अदद'. दमास्कसच्या राजांनी 'बेन-हदद', म्हणजे हददचा पुत्र, असं नाव लावलं. दमास्कसमधल्या त्याच्या देवळाच्या जागी पुढे रोमनांचं ज्युपिटरचं मंदिर आलं, मग चर्च, आणि आज तिथे उमय्यद मशीद उभी आहे. इतका भरभक्कम देव हाताशी असताना आडनाव त्याला चिकटवायचा मोह होणारच.

पण दोन्ही नावांचा पहिला 'ह' एक नाही. अरबीत दोन 'ह' आहेत. एक आपल्या 'हात'मधला, साधा. दुसरा घशातून ओढलेला: चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तिच्यावर वाफ सोडतो ना, 'हाऽ' करून, तसा. अरामीतही हे दोन वेगळे ध्वनी होते आणि त्यांना वेगळी अक्षरं होती. देवाचं नाव अरामी शिलालेखांत साध्या 'ह'ने लिहिलेलं आहे. आडनाव वाफेच्या 'ह'ने. रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसतात, आणि आपल्या देवनागरीतही. म्हणजे हा घोटाळा ज्यांनी नाव मूळ लिपीत कधी पाहिलंच नाही त्यांच्याच डोक्यात होऊ शकतो. अरबी शिकणाऱ्याला हे दोन 'ह' पहिल्याच आठवड्यात वेगळे करून दाखवतात.

आणि देवाची गरजच काय, शब्द तर स्वतःच सगळं सांगतो. अरबीत धंद्यांची नावं बनवायचा एक ठरलेला साचा आहे: तीन व्यंजनांचं मूळ घ्या, मधल्याला द्वित्व द्या, पुढे 'आ' लावा. हा साचा मराठी माणसाला परका नाही, फक्त तो अरबी आहे हे आपण विसरलोय. नाणी पारखणारा सर्राफ, तो आपला सराफ. ओझी वाहणारा हम्माल, तो हमाल. मध्यस्थी करणारा दल्लाल, तो दलाल. कापड विकणारा बझ्झाझ, त्याचा बजाज झाला. बोलता बोलता आपण द्वित्व गाळलं, पण अत्तार आणि जल्लाद या शब्दांत ते अजून शाबूत आहे. याच रांगेत नज्जार म्हणजे सुतार, खय्यात म्हणजे शिंपी, खब्बाज म्हणजे पाववाला, आणि हद्दाद म्हणजे लोहार. हे सगळे शब्द आज आडनावं म्हणूनही चालतात. यातल्या एकट्या लोहारालाच देव का लागावा?

लोखंडाला अरबीत हदीद म्हणतात. कुराणाच्या 57व्या सूरेचं नावच 'अल-हदीद' आहे. बगदादमध्ये जन्मलेल्या वास्तुरचनाकार झाहा हदीद यांचं आडनाव म्हणजे सरळ 'लोखंड'. याच मुळातून 'हद्द' हा शब्दही येतो: धार, कड, सीमा. तो फारसीवाटे आपल्याकडे आला आणि हद्दपार, सरहद्द, 'हद्द झाली बुवा' इथवर रुळला. जुन्या अरबी कोशांत हद्दादचा आणखी एक अर्थ मिळतो, दारावरचा पहारेकरी किंवा तुरुंगाचा रखवालदार, कारण तो माणसाला अडवतो, हद्द घालतो. देवापेक्षा मला हा तुरुंगवाला जास्त आवडला. पण आडनावापुरता अर्थ लोहाराचाच.

दुसरा दावा, हद्दाद म्हणजे ख्रिस्तीच. लेबनॉन-सीरियात ख्रिस्ती हद्दाद भरपूर आहेत, म्हणून हा समज कुठून आला ते कळतं. अँटिओकच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मप्रमुख चौथे ग्रेगरी हे हद्दाद होते. ब्राझीलमध्ये 2023 साली अर्थमंत्री झालेले फर्नांडो हद्दाद हे लेबनॉनहून आलेल्या ख्रिस्ती बापाचे चिरंजीव. (पोर्तुगीजमध्ये आरंभीचा 'ह' उच्चारतच नाहीत, त्यामुळे तिथे हे नाव 'अदाजी'च्या जवळपास ऐकू येतं. वाफेचा 'ह' गेला, साधाही गेला.)

पण बाकीचा नकाशाही बघा. ट्युनिशियात स्त्रियांच्या हक्कांसाठी 1930 साली पुस्तक लिहून मौलवींचा रोष ओढवून घेणारे ताहर हद्दाद मुस्लिम, आणि झैतुना या मशिदीच्या विद्यापीठात शिकलेले. अल्जीरियाचे कवी मालेक हद्दाद मुस्लिम. ट्युनिशियाच्या जेर्बा बेटावरच्या ज्यूंमध्येही हे आडनाव नेहमीचं. आणि येमेनच्या हद्रमौत भागातल्या तरीम गावचे इमाम अब्दुल्ला अल-हद्दाद (1634–1720) तर सय्यद होते, म्हणजे थेट पैगंबरांच्या वंशातले. सय्यद घराण्याला लोहार हे नाव कसं? सांगतात ते असं की त्यांचे एक पूर्वज लोहाराच्या दुकानात जाऊन बसत, म्हणून लोक त्यांना तेच म्हणू लागले. ऐरण दुसऱ्याची, नाव यांचं!

तिसऱ्या दाव्याची, एका रक्ताची, वाट इथेच लागली. पैगंबरांचे वंशज, जेर्बाचे ज्यू आणि लेबनॉनचे ख्रिस्ती एकाच घस्सानी राजाची लेकरं कशी असतील? हद्दाद म्हणवणारे सगळे अरबसुद्धा नाहीत. अल्जीरियातल्या 1871च्या फ्रेंचविरोधी बंडात 8 एप्रिलला जिहाद पुकारणारे वृद्ध शेख अल-हद्दाद कबाइल होते, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळच्या बर्बर लोकांपैकी. त्यांच्या घराण्याला हे नाव लोहारकामावरूनच मिळालेलं.

दाव्यामागे खऱ्याचा एक कण आहे, तो नाकारत नाही. जॉर्डन-पॅलेस्टाईनमधल्या हद्दादीन नावाच्या ख्रिस्ती टोळीत आपण घस्सानी असल्याची परंपरा आहे, आणि रामल्ला गाव 16व्या शतकात याच टोळीच्या राशिद अल-हद्दादीनने वसवलं असं तिथे सांगतात. एका टोळीची ही आठवण उचलून कोणीतरी मोरोक्कोपासून येमेनपर्यंत सगळ्यांवर पांघरली. आपल्याकडे आडनावाचं मूळ थेट सूर्यवंशाला भिडवणाऱ्या पुस्तिका मिळतात, त्यातलाच प्रकार. भाता फुंकणारा पूर्वज पुरेसा वाटत नाही बहुतेक.

वास्तविक इतके हद्दाद का, याचं उत्तर फार साधं आहे. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, घोड्याची नाल यासाठी प्रत्येक गावाला एक लोहार हवा, आणि बहुधा एकच पुरे. म्हणून 'लोहाराचा युसुफ' म्हटलं की नेमका कोण ते कळायचं. जर्मनांचे श्मिट, हंगेरीचे कोव्हाच, इटलीचे फेरारी, तुर्कांचे देमिर्जी आणि आपले लोहार याच रीतीने झाले. त्यांना कोणी एका वंशाचे म्हणत नाही.

चौथा दावा लवकर आटपतो. सर्वाधिक लोकसंख्येचा अरब देश इजिप्त. तिथे बहुतेक लोक स्वतःच्या नावापुढे बापाचं आणि आजोबाचं नाव लावतात, ठरलेलं आडनाव नसतंच. सौदीत कहतानी, उतैबी अशी टोळ्यांची नावं चालतात, आणि सौदीच्या मध्यभागातल्या नज्दच्या टोळीवाल्यांत तर हातकामाचे धंदे कमी प्रतीचे मानत, लोहाराशी सोयरीक टाळत. अल्जीरियात आडनाव सक्तीचं झालं तेच मुळी फ्रेंचांच्या 1882च्या कायद्याने. अशा भूभागात 'सर्वांत प्रचलित आडनाव' मोजायचं कशावर? हद्दाद हे लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन आणि उत्तर आफ्रिकेत फार आढळणारं नाव आहे, इतकं म्हणा, ते बरोबर.

मजकुराच्या शेवटी एक ओळ होती: 'हद्दाद लोकांना स्वतःला आपल्या नावाचा खरा अर्थ माहीत नाही.' पहिल्या महायुद्धाच्या आधी लेबनॉनच्या डोंगरातून कितीतरी कुटुंबं बोटीने अमेरिकेत गेली. तिकडच्या कारकुनांना आणि शेजाऱ्यांना नाव उच्चारता येईना, तेव्हा काही हद्दादांनी त्याचं इंग्रजी भाषांतर करून टाकलं आणि ते लावू लागले. त्यांनी निवडलेलं आडनाव होतं स्मिथ.